छातीतील धडधड : ॲड्रेनॅलिन आणि शरीराची सिद्धता

भीतीचे वर्णन करण्यासाठी मराठीत जे शब्दप्रयोग रूढ आहेत ते एकत्र मांडून पाहिले, तर त्यांत शरीरक्रियाविज्ञानाचा एक धडाच दडलेला दिसतो. छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते, घास घशाखाली उतरत नाही, अंगावर काटा उभा राहतो, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, चेहरा पांढराफटक होतो, डोळे विस्फारतात आणि पोटात गोळा येतो. हे सारे शब्द शब्दशः खरे आहेत. संकटाची चाहूल लागलेल्या माणसाच्या शरीरात यांपैकी प्रत्येक घटना प्रत्यक्ष घडते आणि ती मोजताही येते.

प्रश्न असा की हृदय, लालाग्रंथी, त्वचा, डोळे आणि आतडी हे एकमेकांपासून इतके दूर असलेले अवयव एकाच क्षणी आपले वर्तन कसे बदलतात? त्यांना आज्ञा देतो कोण? आणि घास न उतरण्यात किंवा चेहरा पांढरा पडण्यात शरीराचे हित ते कोणते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष ज्या एका रसायनाकडे वेधले गेले, त्याचे नाव ॲड्रेनॅलिन.

मूत्रपिंडांवरील दोन ग्रंथी

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एकेक लहान, पिवळसर ग्रंथी असते. तिचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम भरते. सोळाव्या शतकात इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताची यांनी तिचे वर्णन केले. परंतु तिचे कार्य काय, हे पुढील तीनशे वर्षे कोणालाही सांगता आले नाही. या ग्रंथीतून बाहेर पडणारी नलिकाच दिसत नव्हती. जी ग्रंथी काही बाहेर सोडत नाही ती करते तरी काय, असा तत्कालीन विद्वानांना प्रश्न पडे.

१८५५ मध्ये लंडनचे वैद्य टॉमस ॲडिसन यांनी एका विचित्र रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगी दिवसेंदिवस क्षीण होत जातो, त्याची त्वचा काळवंडते आणि अखेर तो दगावतो. मृत्यूनंतर तपासणी केली असता अशा रोग्यांच्या या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा ते प्राणी मरण पावले. ग्रंथी लहान असली तरी जीवनाला आवश्यक आहे, एवढे यावरून सिद्ध झाले.

वस्तुतः या एका ग्रंथीत दोन वेगळ्या ग्रंथी नांदत असतात. बाहेरचा थर म्हणजे बाह्यक, आणि आतला गाभा म्हणजे मध्यक. जीवनाला अत्यावश्यक असतो तो बाह्यक. ॲड्रेनॅलिन तयार होते ते मध्यकात. त्याच १८५६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हुल्पियाँ यांना असे दिसले की, लोहाचे एक लवण टाकले असता मध्यकाचा रस हिरवा होतो आणि ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या शिरेतील रक्तही तोच रंग धारण करते. ग्रंथीतील पदार्थ नलिकेवाचून सरळ रक्तात उतरतो, याची ती पहिली खूण होती.

तो पदार्थ करतो काय, हे कळण्यास आणखी चार दशके जावी लागली. हॅरोगेट येथे वैद्यकी करणारे जॉर्ज ऑलिव्हर आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक एडवर्ड शेफर यांनी १८९४ मध्ये अधिवृक्क ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला. रक्तदाबमापकातील पारा भराभर वर चढला. पोलंडमध्ये नेपोलिऑन सायबुल्स्की यांनाही याच सुमारास स्वतंत्रपणे हेच आढळून आले. आता त्या अर्कातील शुद्ध द्रव्य वेगळे करण्याची चढाओढ सुरू झाली. अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने आणि त्यांचे साहाय्यक केइझो उएनाका यांनी १९०० मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. ‘मूत्रपिंडाजवळचे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्यास ॲड्रेनॅलिन हे नाव पडले. ‘एपिनेफ्रिन’ हे दुसरे प्रचलित नाव ग्रीक शब्दांवरून बनले असून त्याचाही अर्थ तोच. १९०४ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख श्टोल्त्स यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीत्या तयार केले. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. म्हणजे शुद्ध स्वरूपात हाती आलेले हे पहिले संप्रेरक त्या संज्ञेहूनही जुने आहे.

कॅनन आणि भ्यालेले मांजर

द्रव्य हाती आले, परंतु शरीर ते केव्हा आणि कशासाठी वापरते हे अद्याप कळावयाचे होते. ते कोडे उलगडले हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी. आणि तेही काहीसे आडवाटेने.

कॅनन विद्यार्थी असतानाच, १८९६ च्या अखेरीपासून, नव्याने सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने पचनक्रियेचा अभ्यास करीत होते. मांजराला बिस्मथचे लवण मिसळलेले अन्न दिले म्हणजे जठराची आकृती पडद्यावर स्पष्ट दिसे आणि त्यावरून लयीत सरकणाऱ्या लाटा न्याहाळता येत. पण एक अडचण वारंवार येई. मांजर चिडले अथवा घाबरले की त्या लाटा एकाएकी थांबत. त्याला कुरवाळून शांत केले, की थोड्या वेळाने त्या पुन्हा सुरू होत. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने ही केवळ प्रयोगातील अडचण मानली असती. कॅनन यांनी तिलाच आपल्या संशोधनाचा विषय बनवले.

१९११ मध्ये त्यांनी डॅनिएल दे ला पास यांच्यासह एक साधा प्रयोग केला. मांजराच्या आतड्याच्या स्नायूची पट्टी योग्य द्रावात ठेवली असता बराच काळ लयबद्ध आकुंचन पावत राहते. ॲड्रेनॅलिनचा अंश लागताच ती शिथिल पडते. शांत मांजराच्या अधिवृक्क शिरांजवळून घेतलेले रक्त या पट्टीवर घातले, तेव्हा तिची हालचाल चालूच राहिली. मग त्याच मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त घेतले. या वेळी पट्टी शिथिल झाली. ज्या मांजराच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या होत्या, त्याचे रक्त मात्र कुत्रा भुंकल्यानंतरही निष्प्रभ ठरले. भीतीच्या क्षणी ही ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन ओतते, हे यावरून स्पष्ट झाले.

मनुष्याबाबतचा पुरावा तर अधिकच रंजक होता. भ्यालेल्या मांजराच्या मूत्रात साखर उतरते हे ठाऊक झाले होते. १९१३ च्या हंगामातील सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या फुटबॉल संघातील पंचवीस जणांचे मूत्र तपासण्यात आले. त्यांपैकी बारा जणांच्या मूत्रात साखर सापडली. या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. त्यांना मैदानात उतरण्याची पाळीच आली नव्हती! धावपळ न करता, केवळ बाजूला बसून सामना पाहताना त्यांच्या शरीराने लढण्याची शिदोरी बाहेर काढून ठेवली होती. परीक्षेला बसलेल्या नऊ वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौघांच्या बाबतीत अवघड प्रश्नपत्रिकेनंतर हेच घडले. सोप्या प्रश्नपत्रिकेनंतर मात्र एकाच्याच मूत्रात साखर आढळली.

या साऱ्या निरीक्षणांवरून कॅनन यांनी १९१५ मध्ये आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला : भीती व क्रोध यांच्यासमवेत शरीरात होणारे फेरफार म्हणजे शरीराचा गोंधळ नसून, झुंज देण्याची अथवा पळ काढण्याची ती सिद्धता होय.

आज्ञा कशी पोहोचते

रानवाटेने चाललेल्या माणसाच्या पायाजवळ सळसळ होते. हे साप आहे की वाळलेले पान, याचा निर्णय होण्यापूर्वीच मेंदूच्या खोल भागात धोक्याची नोंद होते. तेथून अधोथॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ यांमार्गे संदेश मेरुरज्जूत उतरतो आणि अनुकंपी मज्जासंस्थेच्या तंतूंतून सर्व शरीरभर पसरतो. या संस्थेवर आपल्या इच्छेची सत्ता चालत नाही.

अनुकंपी तंतू दोन प्रकारे काम करतात. बहुतेक तंतू अवयवांपर्यंत जाऊन आपल्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन हे ॲड्रेनॅलिनचे भावंड स्रवतात. हे कार्य त्याचेच आहे हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. काही तंतू मात्र सरळ अधिवृक्क मध्यकात शिरतात आणि तेथील पेशींत साठवलेले संप्रेरक रक्तात सोडावयास लावतात. मनुष्याच्या मध्यकातून येणाऱ्या या स्रावात सुमारे चार पंचमांश ॲड्रेनॅलिन असते. मज्जातंतूंचा संदेश टपालातील पत्रासारखा विशिष्ट पत्त्यावर जातो. रक्तातून जाणारे ॲड्रेनॅलिन दवंडीसारखे सर्वत्र पोहोचते. म्हणूनच वर सांगितलेल्या लक्षणांपैकी काही मुख्यतः मज्जातंतूंची, तर काही संप्रेरकाची करणी असते. घाम फुटणे व काटा उभा राहणे ही तंतूंची कामे. यकृतातील साखर मोकळी करण्यात ॲड्रेनॅलिनचा वाटा मोठा.

एकच दवंडी ऐकून कोणी आकुंचन पावतो, तर कोणी शिथिल होतो, हे कसे? याचे उत्तर अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये सुचवले. पेशींच्या पृष्ठभागावर ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देणारे ग्राही असतात आणि त्यांचे आल्फा व बीटा असे दोन वर्ग आहेत. त्वचेतील रक्तवाहिन्यांत आल्फा ग्राहींचे प्राबल्य असल्यामुळे त्या आकुंचन पावतात. हृदयातील बीटा ग्राही त्याला वेग देतात. श्वासवाहिन्यांतील बीटा ग्राही त्यांना रुंद करतात. कुलूप वेगळे म्हणून किल्ली एकच असूनही उघडणारी खोली वेगळी.

विश्रांतीच्या वेळी एक लिटर रक्तद्रवात ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी ॲड्रेनॅलिन असते. इतक्या अल्प द्रव्याचा एवढा मोठा परिणाम व्हावा, याचे कारण अर्ल सदरलँड यांच्या संशोधनातून उमगले. ॲड्रेनॅलिन स्वतः पेशीत शिरत नाही. ते दाराशी थांबून निरोप देते. आत एक दुसरा दूत निर्माण होतो व त्याच्यामुळे विकरांची साखळी जागृत होते. साखळीच्या प्रत्येक कडीगणिक परिणाम अनेक पटींनी वाढत जातो. या शोधाबद्दल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिद्धतेचा जमाखर्च

आता आरंभीच्या शब्दप्रयोगांकडे पुन्हा वळता येईल. छाती धडधडते, कारण हृदय अधिक वेगाने आणि अधिक जोराने आकुंचन पावू लागते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. जीव तोडून धावताना हाच आकडा वीस लिटरच्या घरात जातो. हे जादा रक्त स्नायूंकडे वळवावयाचे, तर ते कोठून तरी काढून घेतले पाहिजे. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून चेहरा पांढरा पडतो आणि हातपाय गार होतात. जठर व आतडी यांचा पुरवठा घटतो, त्यांची हालचाल मंदावते, लाळ आटते. पोटात गोळा येतो तो याच उलथापालथीमुळे. समोर वाघ उभा असताना दुपारचे जेवण पचवण्याची घाई शरीराला नसते.

इंधनाची तरतूदही त्याच क्षणी सुरू होते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे शंभर ग्रॅम साखर साठवलेली असते. ॲड्रेनॅलिन तिचे विघटन घडवून ग्लुकोज रक्तात सोडते. स्नायूंतील ग्लायकोजेन जागच्या जागी वापरले जाते, चरबीच्या साठ्यांतून मेदाम्ले बाहेर पडतात आणि साखर साठवून ठेवणाऱ्या इन्शुलिनचा स्राव आवरला जातो. श्वासवाहिन्या रुंदावतात व हवा सुलभपणे आत-बाहेर होते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन अधिक प्रकाश आत घेतात. इतकेच नव्हे, तर रक्ताची गोठण्याची क्रियाही जलद होते. जखम होण्यापूर्वीच जखमेची सोय केलेली असते. अंगावरचा काटा हा मात्र मनुष्याच्या बाबतीत केवळ वारसा आहे. केस फुलवून मांजर शत्रूला मोठे दिसते. केसाळ पूर्वजांची ती युक्ती आपल्या त्वचेने अद्याप विसरलेली नाही.

यांपैकी एका लक्षणाचा उपयोग आपल्या देशात फार पूर्वी न्यायदानासाठी करण्यात येत असे. स्मृतिग्रंथांत चोरीचा आळ आलेल्या मनुष्यासाठी ‘तंडुल’ नावाचे दिव्य सांगितले आहे. संशयिताने तांदूळ चावून थुंकावयाचे. टाळू कोरडी पडली वा अंगाला कंप सुटला, तर तो दोषी. कॅनन यांनीही आपल्या ग्रंथात भारतातील या प्रथेचा उल्लेख केला आहे. भीतीने लाळ आटते, हे त्यामागील निरीक्षण अचूक होते. अनुमान मात्र धोक्याचे होते, कारण लालाग्रंथींना अपराधाची भीती आणि खोट्या आरोपाची भीती यांतील फरक कळत नाही. निरपराध, पण भित्र्या स्वभावाचा मनुष्य या दिव्यात बळी पडण्याचा संभव होताच. नाडी, श्वास व घाम मोजून खोटे पकडू पाहणाऱ्या आधुनिक यंत्रांतही नेमका हाच दोष उरला आहे.

वादळ आवरताना

कोणत्याही सिद्धतेचे मर्म ती वेळीच आवरण्यात असते. रक्तात उतरलेल्या ॲड्रेनॅलिनपैकी निम्मे दोन-तीन मिनिटांतच नाहीसे होते; यकृतातील व इतर पेशींतील विकर त्याचे विघटन करतात. धोका टळला की परानुकंपी मज्जासंस्था पुढे सरसावते, हृदय संथ होते, लाळ पुन्हा पाझरते. परंतु हे वादळ आवरलेच नाही तर काय होते, याचे भयंकर उदाहरण भारतात, आणि विशेषतः कोकणात, पाहावयास मिळाले.

तांबडा विंचू दगडांच्या सांदीत, गवतात, लाकडांच्या राशीत दडून बसतो. त्याच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडली की लवकर मिटत नाहीत. परिणामी तंतू अविरत संदेश पाठवू लागतात. प्रथम ओकाऱ्या व दरदरून घाम, आणि पाठोपाठ ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोंढा. हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब भडकतो. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. झुंजीसाठी रचलेली यंत्रणा शत्रूवाचूनच पेटते आणि स्वतःच्या धन्याला जाळते. दंश झालेली बालके तर विशेष करून दगावत.

रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम बारकाईने टिपला. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोष आल्फा ग्राहींच्या अतिरेकी उत्तेजनात असेल, तर त्या ग्राहींची वाट अडवणारे औषध उपयोगी पडावे, असा विचार त्यामागून आला. रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन ही स्वस्त गोळी नेमके हेच कार्य करते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिच्या उपयोगाचे निष्कर्ष १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. गंभीर रोग्यांपैकी ज्यांचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक पूर्वी मृत्युमुखी पडे, त्यांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास उतरले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली. अल्क्विस्ट यांनी प्रयोगशाळेत केलेली ग्राहींची विभागणी अशा रीतीने खेड्यातील रुग्णालयात प्राण वाचवणारी ठरली. याच विभागणीच्या आधारे सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या दशकात बीटा ग्राहींना अडवणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले होते. त्याचा लाभ हृदयविकाराच्या असंख्य रोग्यांना झाला.

हेच ॲड्रेनॅलिन अन्य प्रसंगी जीवनदाते ठरते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मधमाशीचा डंख, एखादे औषध किंवा अन्नपदार्थ सोसला नाही, तर काहींच्या शरीरात तीव्र प्रतिक्रिया उमटते. घसा सुजतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर प्रौढ रोग्याच्या मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दोन हजारावा भाग, ॲड्रेनॅलिन टोचतात आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होऊ लागतो. औषध आणि विष यांतील अंतर येथे मात्रेचे व प्रसंगाचे आहे.

न लढलेली लढाई

मनुष्याने नगरे वसवली, वाघ मागे राहिला. परंतु शरीराची जुनी यंत्रणा तशीच आहे. न्यायालयाचे समन्स, कर्जाचा हप्ता, वरिष्ठांचा रोष, परीक्षेचा निकाल यांची चाहूल लागताच तीच दवंडी पिटली जाते. हृदय वेग घेते, यकृत साखर सोडते, रक्तदाब चढतो. पण झुंजायचे कोणाशी आणि पळायचे कोठे? माणूस खुर्चीवर बसून राहतो. हार्वर्डच्या त्या पाच राखीव खेळाडूंप्रमाणे त्याची शिदोरी न वापरताच पडून राहते.

एखाद्या दिवशी असे घडले तर बिघडत नाही. ताण दीर्घकाळ टिकला म्हणजे मात्र अधिवृक्क ग्रंथीचा बाह्यकही त्यात ओढला जातो आणि त्याच्या कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. सततच्या ताणाने शरीर प्रथम सावध होते, मग प्रतिकार करते आणि अखेर थकते, अशी मांडणी हान्स सेल्ये यांनी १९३६ पासून केली. दीर्घकालीन ताण व हृदयविकार यांचा संबंध पुढील संशोधनाने दृढ केला आहे. तीव्र शोकाच्या वा धक्क्याच्या प्रसंगी हृदयाचा एक भाग एकाएकी फुगून दुर्बळ होतो, अशा विकाराचे वर्णन जपानी वैद्यांनी १९९० च्या सुमारास केले. दुःखाने छाती फुटणे हाही केवळ अलंकार नव्हे, असे म्हणावयास त्यामुळे आधार मिळाला.

यावर उपायही यंत्रणेच्या रचनेतूनच सुचतात. भरभर चालणे, अंगमेहनत, खेळ यांत बाहेर काढलेली साखर व मेद खर्ची पडतात. म्हणजे शरीराला अपेक्षित असलेली धाव त्याला मिळते. संथ आणि दीर्घ श्वासोच्छ्वासाने परानुकंपी संस्थेला चालना मिळून नाडी मंदावते. आणि छातीत धडधडू लागले म्हणजे आपण भित्रे आहोत असे समजण्याचे कारण नाही, हे ज्ञानही काही कमी मोलाचे नाही. ती धडधड दुर्बळतेची खूण नव्हे. असंख्य पिढ्यांनी ज्या पहारेकऱ्याच्या बळावर रात्री काढल्या, त्याच्या काठीचा तो आवाज आहे. पहारेकरी जुना आहे, कधी कधी विनाकारण हाक देतो. परंतु त्याला ओळखणारा मनुष्य ती हाक ऐकून दचकत नाही, उठून पाहतो आणि दार लावून पुन्हा निजतो.